चालत्या चिजेवरचं नाव

आमच्या धंद्यात एक रीत आहे. जे चालतं त्यावर पेंटरचं नाव पडतं, जे उभं राहतं त्यावर पडत नाही. ट्रक, टेम्पो, उसाची ट्रॉली, पाण्याचा टँकर, यांच्या मागच्या फळीवर कोपऱ्यात 'पेंटर चाँद, केज' असं बारीक अक्षरांत तुम्ही कधीतरी वाचलं असेल. नसेल वाचलं तर तुमचं लक्ष नव्हतं. चाँद म्हणजे माझे अब्बा. ते स्वतः सोलापूरच्या पुढे कधी गेले नाहीत, पण त्यांचं नाव कर्नाटक, गुजरात हिंडून आलं. कपाटावर, कूलरवर, दुकानाच्या शटरवर मात्र आम्ही नाव टाकत नाही. ते कोणाच्या तरी घरात भिंतीला पाठ लावून उभं राहणार. त्यावर आपलं नाव लिहिणं म्हणजे पाहुण्यानं घरमालकाच्या दारावर स्वतःची पाटी ठोकणं.

मी कपाटं रंगवते. नवऱ्याच्या घरून परत आले तेव्हापासून केजच्या आमच्या कारखान्यात रंग फवारायची गन माझ्याच हातात आहे. रंगाच्या धुरानं अब्बांची छाती गेली, डॉक्टरनं त्यांना रंगाजवळ उभं राहायलाही मनाई केली, आणि त्यांच्या हाताबरोबर ट्रकची कामंही गेली. बाईच्या हातात ट्रक कोण देतो? एक ड्रायव्हर तर तोंडावर म्हणाला होता, "तुमचा हात लई साफ हाय बाई, पण गाडी रस्त्यावर फिरती, लोकं हसत्यात." म्हणून लग्नाची कपाटं. गुलाबी, मोरपंखी, आरशाची, बिनआरशाची. तालुक्यातल्या निम्म्या सुनांच्या साड्या माझ्या रंगाआड ठेवलेल्या असतील, पण माझं नाव कुठंही नाही. याचं मला वाईट वाटायचं. वाटत नव्हतं असं म्हणून मी उगाच मोठेपणा करणार नाही.

असं असताना एका उन्हाळ्यात रोहिणी कारखान्यात आली आणि म्हणाली, "फरजाना, विमान रंगवशील का?"

रोहिणी युसूफ वडगावची. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. रमजानमध्ये मी रोजा धरला की ही वर्गात माझ्यासमोर पाण्याला तोंड लावायची नाही, तिला कोणी सांगितलं नव्हतं तरी. पुढं ती पुण्याला जाऊन विमानाचं शिकली, तिथंच नोकरीला लागली, मग एक दिवस नोकरी सोडून गावी आली आणि वडलांच्या, उत्तरेश्वरकाकांच्या, सोयाबीनच्या गोदामात स्वतःच्या हातानं विमान बांधायला बसली. परदेशातून मागवलेले नकाशे, प्लायवूडचं अंग, पंखांवर ताणलेलं कापड. गाव आधी हसलं, मग बघायला यायला लागलं, मग कंटाळून ऊसतोडीला निघून गेलं.

मी विचारलं, "उडणार का पण?"

"न्हाई तर कशाला बांधती? कागदं दिल्लीला गेल्यात. परवानगी आली की उडलं."

मी हो म्हणायच्या आधी अब्बा आतून खोकत बाहेर आले. घरात आम्ही दखनी बोलतो, इथं मराठीतच सांगते. ते म्हणाले, "चालती चीज हाय ती. हो म्हण." तोवर मला ते सुचलंही नव्हतं. पण त्यांनी म्हटलं आणि मला एकदम पटलं. विमान म्हणजे सगळ्यात चालती चीज. आकाशातून चालती. त्यावर माझं नाव पडायला कोणाची हरकत नव्हती.

पहिला प्रश्न गनचा होता. अब्बांची गन खालच्या डब्याची, जड, पितळी, ट्रकवाली. माझी वरच्या कपाची, कपाटांची. तिसरी रोहिणीनं संभाजीनगरहून आणली, कमी दाबाची, हातात खेळण्यासारखी हलकी. अब्बांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "यानं मेंदी काढायची का रंग मारायचा?" रोहिणी हसली. तिनं लाकडी चौकटींवर विमानाचंच कापड ताणलं, इस्त्री फिरवून ढोलकीसारखं घट्ट केलं आणि म्हणाली, "प्रत्येक गननं एक एक चौकट मार. आधी वजन करायचं, वाळली की परत करायचं." त्यासाठी तिनं ओळखीच्या सोनाराचा काटा मागून आणला होता. रंगाचं वजन सोन्याच्या काट्यावर होताना मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

अब्बांच्या गननं मारलेली चौकट आरशासारखी चमकली. काट्यावर सगळ्यात जडही तीच निघाली, आणि निम्मा रंग कापडावर बसायच्या ऐवजी माझ्या भुवयांवर बसला होता. माझ्या गननं मधोमध चांगलं काम केलं, पण कडांना रंग वाटेतच वाळून भुकटी झाली, हात फिरवला की खरखर लागायची. तिसऱ्या गनशी माझं आधी पटलंच नाही. कपाटाला लांबून, झपझप हात मारायची सवय. हिला जवळ जावं लागतं आणि सावकाश, जरा रेंगाळलं की ओघळ. वर हवा इतकी पिते की आमच्या कॉम्प्रेसरला धाप लागली, तेव्हा अब्बांनी टायरवाल्याची जुनी टाकी आणून त्याला जोडली. कितीतरी कापडं खराब केल्यावर एकदाचा हात बसला. रंग असा पडला की कापडाची वीण खालून दिसत होती आणि तरी टिपूसभर जागा कोरी नव्हती. ती चौकट काट्यावर ठेवली तेव्हा रोहिणीनं मला मिठी मारली. तिच्या ड्रेसला रंग लागला.

"वीण दिसती की गं," मी म्हणाले. "कपाट असतं तर गिऱ्हाइकानं परत पाठवलं असतं."

"दिसू दे. वीण दिसती म्हंजे रंग पातळ हाय. जाड रंग म्हंजे वजन. आन् ध्यानात ठेव, लांबीला हात लावायचा न्हाई. खड्डा दिसला तरी दिसू दे. लांबी भरलेलं विमान म्हंजे पाटा बांधलेली चिमणी."

लांबी म्हणजे आमची पुट्टी. खड्डे बुजवायची. कपाटवाल्याला लांबीला हात लावू नको म्हणणं म्हणजे हलवायाला साखर विसर म्हणणं. पण मी विसरले. कारखान्यातलं काम उरकून वडगावची बस धरायची, गोदामाची जमीन पाणी मारून ओली करायची म्हणजे धूळ बसते, तोंडाला फडकं बांधायचं आणि पंखाच्या टोकापासून सुरुवात करायची. पहिला हात कापडात मुरवायचा. त्यावर चंदेरी हात, उन्हानं कापड कुजू नये म्हणून. पावसाळ्यात काम बंद ठेवलं, दमट हवेत रंग पांढरट पडतो. जानकीबाई, रोहिणीच्या आई, चहा घेऊन यायच्या आणि दर वेळी विचारायच्या, "कवा उडायचं गं हे?" मी म्हणायची, "काकू, तुमच्या पोरीला विचारा, मी रंगारीण." पण मनातून मला तो प्रश्न आवडायचा.

दिवाळीला रोहिणी फराळाचा डबा घेऊन आमच्याकडं आली. अब्बांच्या समोर बसली, चकली मोडली आणि म्हणाली, "चाचा, फरजानाचं नाव टाकायचं ना विमानावर? पंखाच्या खालच्या अंगाला टाका. मोठं टाका. लोकं खालनंच बघत्यात."

अब्बा उठले आणि कपाटावरून जुना एक्स-रे काढून आणला. त्यांच्याच छातीचा. अक्षरांचे साचे कापायला एक्स-रेच्या फिल्मसारखी दुसरी चीज नाही, हे कुठलाही पेंटर सांगेल. त्या काळ्या फिल्मवर बरगड्यांच्या मधोमध त्यांनी खडूनं अक्षरं काढली, 'पेंटर फरजाना, केज', आणि दिवाळीभर, दम खात खात, ब्लेडनं ती कापली. 'ज'चा बाक त्यांना पसंत पडेना, तो त्यांनी दुसऱ्या फिल्मवर परत कापला.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडं निघाल्या, गोदामासमोरून ट्रॅक्टर जायला लागले आणि धूळ वाढली. मी पिवळा हात मारायला घेतला. एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती ती अशी, की जानकीबाई आता चहा ठेवून लगेच निघून जायच्या. 'कवा उडायचं' हे त्यांनी विचारणं बंद केलं होतं. मला वाटलं, सोयाबीनच्या गडबडीत असतील. विमानाचं नाक रिकामं होतं, तेही मी बघितलं होतं. रोहिणी म्हणाली इंजिन तपासणीला पुण्याला गेलंय. मी म्हटलं, बरं.

मग एका सकाळी तिचा फोन आला. "फरजाना, ऐक, जरा बदल हाय. आजपासनं जाड हात मार. वरनं लॅकर. वीण दिसता कामा नये. आन् नाकावर, अंगावर जिथं खड्डे दिसत्यात तिथं लांबी भर."

"लांबी?" मी म्हणाले. "आन् वजन?"

"वजनाचं बघू नंतर."

"तूच म्हणालीस ना, पाटा बांधलेली चिमणी."

"तू भर गं. मी आल्यावर बोलू." आणि फोन ठेवला.

मी लांबीचा डबा उघडला नाही. पंखाखाली स्टूल घेतलं, एक्स-रे चिकटपट्टीनं लावला आणि नावाचीच तयारी केली. नाव तरी पातळ पडेल असं ठरवलं होतं. गनमध्ये काळा रंग भरत होते तोच रोहिणीचे मामा, रामेश्वर, एका वेल्डरला घेऊन आत आले. अंबाजोगाई रस्त्यावर त्यांचं मंगल कार्यालय आहे, मोठं लॉन, कारंजं, सगळं. माणूस हसतमुख. त्यांनी पंखावर हात फिरवला, वर तोंड करून सगळीकडं नजर टाकली.

"रंग झक्कास हाय बाई. तेवढं पोटाखाली हातभर जागा कोरी सोडा. तितं खांबाची प्लेट बसायची हाय."

"कसला खांब?"

"गेटवरचा की. लोखंडी." मग माझ्या तोंडाकडं बघून ते थांबले. "तुमाला न्हाई म्हाईत? हे आमच्या लॉनच्या गेटवर बसायचंय. नवरानवरी खाली हुबी ऱ्हाऊन फोटू काढत्याल. दिवाळीच्या आधीच ठरलंय."

वेल्डर टेप लावून पोट मोजत होता. मी गन खाली ठेवली. दिवाळीच्या आधी. माझ्या डोक्यात तेवढंच फिरत राहिलं. फराळाचा डबा दिवाळीचा. नाव मोठं टाका, हे दिवाळीचं. माणसाला एकदम राग येतो असं म्हणतात, मला आला नाही. आधी लाज वाटली. आपण किती वेडे, की पिवळ्या हाताचा एकेक पदर श्वास रोखून मारत बसलो, आणि तो लग्नातल्या फोटोच्या मागं उभा राहणार होता.

मामा गेले. जानकीबाई चहा ठेवून वळल्या तेव्हा मी विचारलं, "काकू, तुमाला म्हाईत होतं?"

त्या कपाकडं बघत म्हणाल्या, "मी तिला म्हनलं व्हतं, सांग म्हनून." म्हणजे अख्ख्या घराला माहीत होतं. मला आणि माझ्या अब्बांना सोडून.

रोहिणी दुपारी आली. माझ्याकडं बघूनच तिला कळलं. ती दारातच थांबली, मग आत येऊन विमानाच्या चाकावर बसली.

"इंजिन कुठंय?" मी विचारलं.

"ज्याचं होतं त्यानं परत नेलं. परवानगीची आशा न्हाई फरजाना. त्यांनी इतकं कायकाय मागितलंय की माझा जन्म जाईल. मला बेंगळुरूला नोकरी लागली. मामा म्हनले, गोदामात सडन्यापरीस गेटवर शोभंल."

"शोभू दे. तुझं विमान हाय, तू ते भंगारात घाल. मला कावून सांगितलं न्हाईस?"

तिनं चाकावरची धूळ पुसली. मी परत विचारलं. शेवटी ती म्हणाली, आणि खरं बोलली याबद्दल तिला मानायला पाहिजे, "तुला सांगितलं असतं तर तू असा हात मारला नसतास."

एवढं साधं होतं ते. तिला काम हवं होतं, आणि उडणाऱ्या विमानाला मी जसा हात मारते तसा खांबावरच्या विमानाला मारणार नाही हे तिला माहीत होतं. ओळख जुनी ना. परक्यानं फसवलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. इथं बाकावर शेजारी बसलेली बाई माझं काय दुखतं, कशानं मी फुलते, हे ओळखून होती आणि तिनं नेमकी तीच दोरी ओढली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

"दिवाळीला अब्बांसमोर नावाचं काढलंस," मी म्हणाले. "ते कशाला? रंग तर मी मारतच होते."

"ते मी चांगल्या मनानं म्हनले," ती घाईनं म्हणाली. "तूच बघ, उडालं असतं तर नाव कुणाला दिसलं असतं? एवढ्या वर. खांबावर रोज शेकडो लोकं वाचतील. तुझीच जाहिरात हाय ती."

"अब्बा रात्रंदिवस ब्लेड घेऊन बसले होते गं."

त्यावर ती रडायला लागली. मला तिची दया आली नाही. आणखी कधीतरी येईलही, कोणास ठाऊक, पण त्या दिवशी नाही.

मी पंखाखालचा एक्स-रे सोडवला, चिकटपट्टी जपून काढली, गुंडाळी करून पिशवीत ठेवला. मग ती नवी गन थिनरनं धुऊन, पुसून, तिच्या डब्यात घालून रोहिणीच्या मांडीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी केजहून अब्बांची पितळी गन घेऊन आले. काम अर्धं सोडून जावं असं मनात आलं होतं, पण रंगाचा हात अर्धा सोडला की तो आपल्या नावानं ओरडतो, नाव नसलं तरी. आणि ते जमिनीला खिळताना मला बघायचंही होतं. मी लांबीचा डबा उघडला आणि नाकापासून शेपटापर्यंत एकेक खड्डा भरला. पंखांच्या कापडावरही भरली, जिथं जिथं वीण दिसत होती तिथं. जे कापड हवेत थरथरतं त्यावर लांबी तडकते, जे खांबावर उभं राहणार त्यावर नीट बसते. पत्तीनं लांबी ओढताना मला वाटत होतं की मी कोणाला तरी माती देतेय. प्रत्येक थराबरोबर ते जड होत गेलं. आता उद्या दिल्लीहून परवानगी आली असती, इंजिन परत आलं असतं, तरी ते जमिनीवरून उठलं नसतं. मग घासलं, आणि वरून अब्बांच्या गननं ट्रकवाला हात मारला, एक, दोन, वर लॅकर. विमान चमकायला लागलं. पुढं उभं राहिलं की तोंड दिसत होतं.

मामा बघून खूश झाले. "आसं पायजे," म्हणाले. "पयलं जरा फिकं वाटत व्हतं."

मी सामान आवरायला लागले तेव्हा रोहिणी जवळ आली. डोळे सुजलेले होते. "नाव टाकून जा की फरजाना," ती म्हणाली. "एवढं केलंस. नावाशिवाय कसं वाटंल?"

"चालत्या चिजेवर टाकत्यात," मी म्हणाले आणि पाइप गुंडाळून बस धरली.

घरी पोचले तेव्हा अब्बा ओट्यावर बसले होते. उसाचा एक ट्रॅक्टर समोरून गेला, त्याच्या ट्रॉलीच्या मागं त्यांचं जुनं नाव होतं, अर्धं उडालेलं. त्यांनी ते नेहमीसारखं वाचलं, मग माझ्याकडं वळले. माझ्या हातात त्यांची पितळी गन बघितली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली, कारण त्या गनचं विमानाशी काही काम नव्हतं हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"नाव टाकलंस का?"

मी पिशवीतून एक्स-रे काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. अक्षरांच्या कडा कोऱ्या करकरीत होत्या, रंगाचा एक ठिपका लागलेला नव्हता. त्यांनी तो उजेडाकडं धरला. कापलेल्या नावातून संध्याकाळचं ऊन त्यांच्या सदऱ्यावर पडलं.

"न्हाई अब्बा," मी म्हणाले. "कपाट निघालं ते."